सदावर्ताचं पीठ

नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्याला जुनी माणसं आवर्जून सांगतात, सामान कमी घे. संकल्प करायचा, लहानशा बाटलीत मैयाचं पाणी घ्यायचं, तिला उजव्या हाताला ठेवून चालू लागायचं आणि परिक्रमा पुरी होईपर्यंत तिचं पात्र ओलांडायचं नाही. अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत १,३१२ किलोमीटर लांबीची ही नदी, आणि चालायचे ते तिचे दोन्ही काठ. परंपरेने सांगितलेला काळ ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांचा. एवढ्या वाटेला एक झोळी, एक कांबळं आणि एक काठी पुरते.

मी निमाडातला एक टप्पा तेवढा चालले. जादाची शाल, स्टीलचा मोठा डबा, ‘असू दे’ म्हणून घेतलेले कपडे पहिल्याच मुक्कामी आश्रमात ठेवले. खांदे मोकळे झाले. मन मात्र झालं नाही. चालताना मन शांत होतं म्हणतात. सुरुवातीला उलटंच घडतं. बोलायला कोणी नसलं की जुनी बोलणी वर येतात. घराच्या वाटणीच्या वेळी ऐकलेले शब्द, आईच्या आजारपणात न फिरकलेले नातलग, वर्षानुवर्षं राबूनही न मिळालेलं कौतुक. सगळं तारीखवार हजर. सावकाराच्या वहीसारखं माझं मन उघडं पडलं होतं, आणि त्या वहीत फक्त येणी मांडलेली होती.

एका दुपारी उन्हाने जीव कासावीस झाला असताना एका झोपडीतून हाक आली, “माताराम, बैठो.” सारवलेल्या ओट्यावर बसले. आत डब्याचा तळ खरवडल्याचा आवाज आला. बाई बाहेर आली ती ताटलीत पीठ, मूठभर डाळ, मीठ आणि दोन सुक्या मिरच्या घेऊन. परिक्रमावासीला द्यायचा हा कोरडा शिधा म्हणजे सदावर्त. ते तिने माझ्या पदरात ओतलं, ताटलीच्या कडेला चिकटलेलं पीठही बोटाने निपटून टाकलं आणि माझ्याच पाया पडली. “नर्मदे हर.” नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पुन्हा भेट होणार नव्हती.

त्या पिठासाठी मी काय केलं होतं? काहीच नाही. तिचं माझ्याकडे काही निघत नव्हतं, माझं तिच्याकडे निघत नव्हतं. माझ्या वहीत हे कुठे मांडायचं? तिथे ‘कोणी काय दिलं नाही’ यालाच जागा होती. मग चालता चालता आठवू लागलं. परीक्षेच्या काळात रोज डबा पाठवणाऱ्या शेजारच्या काकू. भावाने लहानपणी मला दिलेली त्याची सायकल. हेही घडलेलंच होतं. मी ते कधी लिहून ठेवलं नव्हतं.

परिक्रमेच्याच वाटेवरच्या शूलपाणीच्या झाडीत एके काळी परिक्रमावासींना लुटलं जाई, अंगावर लंगोटी तेवढी उरे. लुटणाऱ्या भिल्लांना परिक्रमावासी ‘मामा’ म्हणत आणि पुढे चालत. पुढे सरदार सरोवराच्या पाण्यात नंदुरबारच्या मणिबेलीसारखी आदिवासी गावं गेली, शूलपाणेश्वराचं जुनं मंदिरही गेलं. आज त्याच डोंगरांतली माणसं वाटसरूला भाकरी देतात आणि बुडालेल्या जमिनीसाठी लढतातही. हक्कासाठी भांडणं म्हणजे ओझं वाहणं नव्हे, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले. न्याय मागावा, मोठ्याने मागावा. ओझं होतं ते ज्याची वसुली कुठल्याच दारात होणार नाही त्याचं. न मिळालेल्या मायेचं, न उच्चारलेल्या माफीचं.

म्हणून सांगते, प्रवासाची यादी कराल तेव्हा आणखी एक यादी करा. ज्यांनी काही देणं लागत नसताना दिलं, त्यांची नावं लिहा. ती मनापासून लिहायला बसलात, की येण्यांची वही उघडायची गरज आपोआप कमी होते. न मिळालेल्याचा हिशेब कधी पुरा होत नाही, न मागता मिळालेल्याचाही होत नाही. पण हा दुसरा हिशेब घेऊन माणसाला लांब चालता येतं.