भिंतीपलीकडे कोण राहतं?

रत्नागिरी
आषाढ, पावसाला उसंत नाही

चि. सानिका हिस,


परवा फोनवर तू सहज विचारलंस, "आत्या, आपल्या माजघराच्या भिंतीत ते बुजवलेलं दार कसलं गं?" कुकरची शिट्टी होत होती, म्हणून "वाटणीचं" एवढंच म्हणून मी सुटका करून घेतली. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तुझ्या बाबाची साठी उलटली, त्याला हा प्रश्न कधी पडला नाही. आणि तिकडे इंग्लंडात रेडिंगमध्ये बसून तुला ते दार आठवावं! म्हणून लिहितेय. लांबलं तर तुकड्यातुकड्याने वाच. निम्मं मी माझ्यासाठीच लिहितेय.

तू घेऊ म्हणतेस त्या घराचे फोटो चष्मा पुसून पुसून पाहिले. लाल विटांची अख्खी आळी, एकाला एक चिकटलेली, वर प्रत्येकाचं धुराडं. "दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्याचीच धास्ती वाटते," म्हणालीस. अगं, तू अशाच घरात लहानाची मोठी झालीस की! मे महिन्याच्या सुट्टीत का होईना.

आपलं घर म्हणजे एका मोठ्या घराचा अर्धा भाग. मूळ मालक दोघा भावांची वाटणी झाली, धाकटा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला, आणि त्याने आपला हिस्सा विकायला काढला. साल ६५ की ६६, यावर आई आणि आप्पांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. खरेदीखत बघून सांगता येईल, पण ते माळ्यावरच्या बिस्किटाच्या डब्यात आहे आणि माझे गुडघे आता माळ्यावर चढत नाहीत. गंमत म्हणजे तो डबा तुझ्याच गावचा, हंटली अँड पामर्सचा. झाकणावरचं 'रेडिंग' मी लहानपणी बोट फिरवून वाचलेलं आहे. त्या कारखान्याच्या आसपास कामगारांच्या घरांच्या अशाच रांगा उठल्या, हे तू सांगितलंस तेव्हा कळलं.

आमच्या सबंध घराण्यात स्वतःच्या पैशाने घर घेणारे आप्पा पहिले. तोवर सगळी भाड्याची बिऱ्हाडं. (भाड्यात कमीपणा नाही हो! टिळक आळीत लोकमान्यांचा जन्म झाला, तिथेही त्यांचे वडील भाडेकरूच होते.) त्यामुळे घर कसं बघायचं हे आप्पांना शिकवणारं कुणी नव्हतं. रत्नागिरीत गिऱ्हाईक घर बघायला येतं ते दिवाळीनंतर. हवा गोड, भिंती ठणठणीत, मालकाने नुकती सफेदी काढलेली. दलालाने आप्पांनाही तेच सुचवलं. आप्पा मुद्दाम आषाढात गेले. इथे वर्षाला तीन मीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. घराला काही लपवायचं असेल तर तेव्हा लपवता येत नाही. छत्री घेऊन गेले आणि रिकाम्या घरात दुपारभर बसून राहिले. कुठे ठिबकतं, झड कुठवर आत येते, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब जातं की जोत्यातच मुरतं, ते बघत. वाशांना चाकूचं टोक खुपसून पाहिलं. वाळवीने पोखरलेलं लाकूड वरून साजरं दिसतं, पण टोक लोण्यात जावं तसं आत जातं. आपले वासे किंजळीचे, ते पक्के निघाले.

आणि मग ते माजघरात आले. सगळ्या भिंती जुन्या, काळपट, आणि मधल्या सामाईक भिंतीवर दाराएवढा ताजा गिलावा. अजून पुरता सुकलाही नव्हता. आता जुन्या भिंतीवर नवा लेप दिसला की समजायचं, काहीतरी झाकलंय. आप्पांनी बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. बाजूला ठोकलं तर घट्ट आवाज, लेपावर ठोकलं तर पोकळ. पुन्हा ठोकलं. तर पलीकडून कुणीतरी ठोकलं! टक, टक. आप्पा दचकले. एवढ्यात पलीकडून बायकी आवाज आला, "कोण मेलं ते? समोरनं या की!"

त्या ताईकाकू. थोरल्या भावाच्या मंडळी. आप्पा ओशाळून समोरून गेले, आणि दिवेलागणीपर्यंत तिथेच बसले. ताईकाकूंनी चहा दिला असं आप्पा सांगायचे. आई म्हणायची चहा कसला, कुळथाचं कढण. काही असो, त्या बैठकीत जे कळलं ते दलालाने जन्मात सांगितलं नसतं. दोन्ही भावांत भांडण नव्हतं. दार इतकी वर्षं उघडंच होतं, विकायचं ठरलं तेव्हा बुजवलं, तेही एकाच थराने, म्हणून पोकळ. विहीर वैशाखात तळ गाठते. दोन छपरांच्या मधली पन्हळ ही खरी दुखरी जागा, ती तुंबली की पाणी दोन्ही माजघरांत. दर वर्षी मृगाआधी ती दोघांनी मिळून साफ करायची, खर्च निम्मा निम्मा. आप्पा घरी येऊन आईला म्हणाले, "घर ठीक आहे. शेजार चांगला आहे. घेऊया." आईच्या पाटल्या गेल्या आणि गिरगावातल्या काकांनी मनीऑर्डरी पाठवल्या. त्या मनीऑर्डरींचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

दाराची चौकट आमच्या बाजूला तशीच राहिली. आप्पांनी तिला फणसाच्या फळ्या ठोकून लोणच्याच्या बरण्यांची मांडणी केली. तू खालच्या फळीवर शिंपले ठेवायचीस आणि आई कुरकुरायची, तेच ते दार. त्यातून आवाज आरपार जायचा. दूध उतू जायला लागलं की ताईकाकू टकटक करायच्या, आम्हाला वास येण्याआधी त्यांना यायचा! ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचारच्या सुमारास, कोयनेचा भूकंप झाला. कौलं खडखडली, बरण्या फळीवर नाचल्या. हादरा थांबला तरी काळोखात कुणाच्या तोंडून शब्द फुटेना, आणि भिंतीवर टक, टक. "आहात ना सगळी?"

त्या भूकंपाने सामाईक भिंतीला चौकटीच्या वरच्या कोपऱ्यापासून आढ्यापर्यंत तिरकी भेग गेली. शेजारीपाजारी म्हणाले, पाडा. आमच्या म्हाताऱ्या गवंड्याने आप्पांना एक युक्ती सांगितली. भेगेवर आडवी कागदाची पट्टी खळीने चिकटवायची, तिच्यावर तारीख घालायची आणि थांबायचं. भेग चालू असेल तर कागद फाटतो. पुढचा पावसाळा सरला, कागद शाबूत. मग चुना भरला आणि विषय मिटला. तुझ्या सर्व्हेअरच्या अहवालात मागच्या खोलीच्या खिडकीवर 'भेग आढळली' असं आहे ना? ती जुनी की चालू, हे त्याला स्पष्ट विचार. नुसतं 'आढळली' काय कामाचं?

अहवाल मी पूर्ण वाचला. रोहनराव हसतील, पण आयुष्यभर नोंदणी कार्यालयात दस्त वाचण्यात डोळे घालवलेत, मला बारीक अक्षराची भीती नाही. बँकेने माणूस पाठवला म्हणून तू निर्धास्त होतीस, तशी राहू नकोस. तो बँकेचा पैसा बुडत नाही ना एवढंच बघतो. स्वतःचा सर्व्हेअर नेमलास ते उत्तम केलंस. त्याने लिहिलंय की जमिनीलगतच्या जाळीच्या विटा मागच्या बाजूला फरशीखाली गाडल्या गेल्यात. तिकडे खालची जमीन लाकडी असते, तिच्या पोटात वारा खेळायला त्या विटा असतात. बुजल्या की लाकूड कुजलंच. आणि भिंतीत ओल अडवायचा जो थर असतो, त्याच्यावर अंगणाची पातळी चढली की तो थर असून नसल्यासारखा. औषधं टोचून ओल घालवून देणाऱ्यांना हजारो पौंड देण्याआधी ती फरशी उचलून बघ.

दुसरं. ओल झाकायला सिमेंट थापलंय का ते बघ. पलीकडच्या घरात पुढच्या पिढीने हौसेने जांभ्यावर सिमेंटचा गिलावा केला. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर कडक होतो, पण पाणी पिणं त्याचं सुटत नाही. चुना त्याला ते पाणी पुन्हा सोडू देतो, सिमेंट देत नाही. मग ते पाणी आमच्या बाजूने बाहेर पडायला लागलं. त्यांची भिंत गुळगुळीत, आमचे पोपडे! तुझं घर १८९० च्या आसपासचं म्हणतेस, म्हणजे चुन्यातलीच भरीव वीट असणार. तिचीही तीच तऱ्हा.

आणि फोटोत मला एक दिसलं ते अहवालात नाही. खालच्या बैठकीच्या खोलीत धुराड्याचा फुगवटा नाही, वरच्या झोपायच्या खोलीत आहे. खोली मोठी करायला कुणीतरी खालचं काढून टाकलंय. मग वरच्याचा भार कशावर उभा आहे? तुळई टाकली असेल तर तिथल्या पालिकेचा दाखला माग. शिवाय तिकडच्या १९९६ च्या कायद्याप्रमाणे सामाईक भिंतीत असलं काम करायचं तर शेजाऱ्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते म्हणतात. दिली होती का, हेही विचार. कुणाला विचारायचं? शेजाऱ्यालाच! दाराची घंटा वाजव, दुकानातला केक घेऊन जा. दलालाला आवडणार नाही, न आवडू दे. पलीकडे मालक राहतो की भाडेकरू बदलत असतात, की घर बंदच असतं, हे मला सगळ्यात आधी कळलं पाहिजे.

कारण बंद शेजार काय असतो ते मी भोगतेय. ताईकाकू गेल्या, त्यांची मुलं ठाण्याला, नातवंडं कुठे कुठे. गणपतीला पाच दिवस दार उघडतं. त्यांच्या बाजूने पन्हळीत पिंपळाची रोपं उगवलीत आणि माणूस चढवायचा मी, पैसे द्यायचे मी. फोन केला की "हो आजी, बघतो". आपल्या आळीत संध्याकाळी दिवा लागणारी घरं बोटावर मोजण्याइतकी. तुझ्या मुलाने मागे व्हिडिओवर मला विचारलं, "तिथे कोण राहतं?" मी म्हटलं, मी राहते. त्याला मराठीत विचारता आलं याचाच आनंद झाला. तेवढं सोडू नकोस. इंग्रजी त्याला शाळा शिकवेल.

कागदांचं तिकडे बरं आहे. आपल्याकडे १९०८ च्या कायद्याने दस्त नोंदला जातो म्हणजे 'असा व्यवहार झाला' एवढंच सरकार सांगतं. विकणारा खरा मालक होता का, हे ज्याचं त्याने बघायचं. म्हणून तीस तीस वर्षांचा शोध, सूची क्रमांक दोन, फेरफार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. तुमच्याकडे सरकारी नोंदवहीत नाव आलं की सरकारच मालकीची हमी देतं. पण एक उलटं आहे. इथे साठेखत करून इसार दिला की माणूस बांधला जातो. तिथे करारनाम्यांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही अंग काढून घेऊ शकतो. तोवर पडदे विकत घेऊ नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

आणि "तिशी उलटली तरी घर नाही" हे रडगाणं पुरे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ साली इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं, टेकडीवरचा राजवाडा मिळाला १९१० मध्ये. तोही त्याच्या मालकीचा नव्हे. तू त्या मानाने लवकर आहेस.

आता मनीऑर्डरींचं. काकांनी पैसे घातले म्हणून आप्पांनी खरेदी तिघा भावांच्या नावे केली. माणूस म्हणून योग्यच केलं. पण आता मालमत्ता पत्रकावर नावांची जत्रा भरली आहे आणि पन्हळ पत्र्याची करायची तरी मला सगळ्यांना विचारत बसावं लागतं. तुझा बाबा दर वेळी "तुला हवं ते कर" म्हणतो. असं म्हणून चालत नाही, सही लागते! तुम्ही दोघं तिकडे घर घ्याल तेव्हा हिस्सा कुणाचा किती, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा. प्रेम आहे म्हणून लिहायचं नाही, असं करू नका.

तर कामं अशी. पाऊस असेल त्या दिवशी पुन्हा घर बघायला जा, आणि छपराचं पाणी नळीतून कुठे पडतं त्याचा व्हिडिओ पाठव. धुराड्याचं विचारून कळव. बाबाचं कुलमुखत्यारपत्र माझ्या नावे व्हायचं राहिलंय. तो पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येतोय, तेव्हा त्याला लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयात घेऊन जा. मसुदा मी टाईप करून पाठवते. त्याच्यावर सोपवलंस तर होणार नाही. त्याच्याबरोबर आमसुलं आणि फणसपोळी देतेय. फणसपोळी यंदा जरा पातळ झाली आहे, पण चवीला चांगली आहे.

रोहनरावांना नमस्कार, बाळाला पापा.

तुझी,
आत्या