शेंड्याचा हिशेब

रोझमेरी घ्यायला आलेला माणूस आधी पान चुरगाळतो. कापूर आणि सिनिओल यांचा झणका नाकात गेला की माल पसंत. मी ही पानं वाळवून शेंगदाण्याच्या तेलात मुरवते, आणि तिथे एकट्या नाकावर विसंबून भागत नाही. तेल खवट होऊ नये म्हणून राबतं ते कार्नोसिक आम्ल, आणि दरवळाशी त्याचा संबंध नाही. युरोपीय संघाने 2010 मध्ये ई 392 म्हणून मान्य केलेल्या रोझमेरी अर्काला तर अटच आहे: कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसॉल मिळून वासाच्या ठरावीक घटकांच्या किमान 15 पट हवेत.

पान उलटं करून भिंगाखाली धरलं, की दुमडलेल्या कडांमधल्या पांढुरक्या लवेत बारीक चकाकते ठिपके दिसतात. त्या ग्रंथी. कार्नोसिक आम्ल तिथे घडतं, आणि सर्वांत जास्त असतं ते शेंड्याच्या कोवळ्या पानांत. पान जून होतं तसं ते घटतं. त्यातल्या काहीचं ऑक्सिडीकरण होऊन कार्नोसॉल बनतं. स्वतःचा हायड्रोजन देऊन ऑक्सिडीकरणाची साखळी तोडायची, हेच कार्नोसिक आम्लाचं काम, झाडावरही आणि बाटलीतही. म्हणून पानाने जे झाडावरच खर्चलं, ते तेलाच्या वाट्याला येत नाही.

रोझमेरिनिक आम्लाची तऱ्हा वेगळी. इटलीतल्या रसायनज्ञांनी 1958 मध्ये ते याच झाडातून वेगळं काढलं. ते मुळांतही सापडतं, पण उतरतं पाण्यात. त्याचा लाभ काढ्याला, तेलाला नव्हे.

अडचण वजनाची आहे. कोवळा शेंडा पाणीदार, वाळला की मूठभर उरतो. भाव मात्र किलोवर ठरतो. तरी तेलासाठी मी हिरवी, लवचीक फूटच खुडते. कात्री खाली निष्पर्ण लाकडात घालत नाही, कारण तिथून पुन्हा फुटवा येण्याची खात्री नसते. पानं सावलीत, कुडकुडीत होईपर्यंत वाळवायची. ओलं पान तेलात बुडवणं धोक्याचं: तेलाखाली हवा नसते, आणि ओलाव्यात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात.

जून पानं स्वयंपाकासाठी वेगळी बांधते. वासाचं गिऱ्हाईक त्यांवर खूश असतं. दोन्ही ढीग एकत्र करून वजन वाढवणं सोपं आहे, आणि चुरगाळून बघणाऱ्याला ते कळणारही नाही. तेलाला मात्र कळतं.