सव्वादोन मिनिटांसाठी वर्षभर

टेक्सासमधल्या डॅलस शहरातून इंटरस्टेट ४५ या महामार्गाने ह्यूस्टनच्या दिशेला निघालं की तासाभरात कॉर्सिकाना लागतं. वस्ती जेमतेम पंचवीस हजारांच्या आसपास. इथल्या प्रांतपुढाऱ्याचे, होझे आंतोनियो नवारो यांचे वडील भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटावर जन्मलेले, म्हणून गावाला हे नाव मिळालं. १८९४ साली गावाच्या पाण्याची सोय करायला विहीर खणायला घेतली आणि निघालं तेल! गावाचं नशीबच पालटलं. १८९६ साली सुरू झालेल्या कॉलिन स्ट्रीट बेकरीचा फ्रूटकेक आजही नाताळात देशोदेशी टपालाने जातो.

पण अलीकडच्या काळात कॉर्सिकानाचं नाव निघतं ते तेलामुळेही नाही आणि केकमुळेही नाही. इथं नवारो कॉलेज नावाचं दोन वर्षांचं छोटं महाविद्यालय आहे. त्याच्या चिअरलीडिंग संघावर २०२० साली नेटफ्लिक्सने ‘चिअर’ ही मालिका दाखवली आणि एका आडगावातली व्यायामशाळा घराघरांत पोहोचली. मोनिका अल्डामा या प्रशिक्षिकेने १९९५ पासून जवळजवळ तीन दशकं हा संघ घडवला. २००० पासून मालिकेपर्यंतच्या काळात या संघाने आपल्या गटातली चौदा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती.

चिअरलीडिंग म्हटलं की आपल्याला आठवतं ते आयपीएल. २००८ साली चौकार-षटकारावर सीमारेषेपाशी नाचणाऱ्या मुली आपण प्रथम पाहिल्या, काहींनी नाकं मुरडली, काहींनी टाळ्या वाजवल्या. कॉर्सिकानातला प्रकार मात्र निराळा आहे. त्याचं नातं लागतं ते दहीहंडीच्या थरांशी, मल्लखांबाशी आणि जिम्नॅस्टिक्सशी. आपल्या गोविंदा पथकांचा सराव जसा गुरुपौर्णिमेला सुरू होतो आणि गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी कसाला लागतो, तसंच इथंही आहे. फरक इतकाच, की इथं तयारी जवळजवळ वर्षभर चालते आणि परीक्षा असते सव्वादोन मिनिटांची.

एकाच रस्त्यावरचा इतिहास

गंमत म्हणजे हा खेळ पोरींचा नव्हे, पोरांचा. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्याने साऱ्यांकडून एका सुरात घोषणा म्हणून घेतल्या. चिअरलीडिंगचा जन्म हाच मानतात. मुलींना त्यात जागा मिळाली ती त्याच विद्यापीठात, १९२३ साली. दुसऱ्या महायुद्धात तरुण मुलगे आघाडीवर गेले आणि मैदानाची ती कड मुलींनी ताब्यात घेतली.

या हौशी प्रकाराला शिस्त लावली ती टेक्सासच्याच लॉरेन्स हर्किमर यांनी. कॉर्सिकानावरून जाणारा महामार्ग तसाच दक्षिणेला धरला की वाटेत हंट्सव्हिल येतं. तिथल्या महाविद्यालयात १९४८ साली त्यांनी पहिलं प्रशिक्षण शिबिर भरवलं. मुली आल्या ५२. त्याच वर्षी त्यांनी नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन ही संस्था काढली. हातातल्या झुबकेदार पॉमपॉमचं पेटंटही त्यांच्याच नावावर आहे, आणि एक पाय ताठ व दुसरा दुमडून मारायच्या उडीला आजही ‘हर्की’ म्हणतात.

वर्षाचं वेळापत्रक

हंगामाची सुरुवात होते ती निवडीपासून, साधारण वसंताच्या शेवटी. देशभरातून मुलं-मुली येतात. संघात चाळीसच्या आसपास जण घेतले जातात, पण स्पर्धेच्या मॅटवर उतरतात फक्त वीस. हे गणित पहिल्या दिवसापासून प्रत्येकाच्या डोक्यात असतं.

ऑगस्टमध्ये कॉलेज उघडलं की आधी अंग तयार करायचं. धावणं, वजनं, पोटाचे व्यायाम. टेक्सासच्या उन्हाळ्यात हेच मोठं दिव्य! सप्टेंबरपासून फुटबॉलचे सामने लागतात. संघाचं मूळ काम प्रेक्षकांना चेतवण्याचं, तेव्हा मैदानाच्या कडेला हजेरी लावावीच लागते. याच दिवसांत कोण कशात तरबेज आहे ते प्रशिक्षक हेरतात. वर उचलली जाणारी ती ‘फ्लायर’. तिला खालून पेलणारे ‘बेस’. पाठीमागे उभं राहून मान आणि डोकं सांभाळणारा तो ‘बॅकस्पॉट’. कोलांट्यांचे उस्ताद वेगळे. कुणाचा कुणाशी ताल जमतो यावर हा खेळ उभा आहे. फ्लायर कितीही चपळ असली तरी खालच्या हातांवर तिचा भरवसा नसेल तर ती वर ताठ उभी राहूच शकत नाही.

मग येते नृत्यदिग्दर्शकाची पाळी. बहुतेक संघ हा माणूस बाहेरून बोलावतात. आठ-आठ मात्रांच्या तुकड्यांत सव्वादोन मिनिटं आखली जातात. त्यात उचल हवी, टोपलीसारख्या गुंफलेल्या हातांवरून आकाशात फेक हवी, कोलांट्या, उड्या, मनोरा आणि शेवटी नृत्यही हवं. संगीत खास बांधून घेतलं जातं आणि त्यातल्या गाण्यांचे परवानेही लागतात. प्रशिक्षकाचा कस लागतो तो इथं. अवघड कसरती भरल्या तर गुण वाढतात, पण एक जरी पडलं तरी गुण कापले जातात. सोपं ठेवावं तर दुसरा संघ पुढे जातो. शिवाय सगळ्यांत दमवणारी गोष्ट कुठे ठेवायची? सुरुवातीला ठेवली तर नंतर हात थरथरतात, शेवटी ठेवली तर तोवर दमच संपलेला असतो.

आपल्याकडे नऊ थर लागतात, इथल्या महाविद्यालयीन स्पर्धेत मनोरा अडीच माणसांपेक्षा उंच नेता येत नाही. वाचून हसू येईल. पण आपला थर हळूहळू चढतो, तर इथं तो काही सेकंदांत उभा राहतो, फिरतो, मोडतो आणि पुढच्या मात्रेला माणसं कोलांट्या मारत दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचलेली असतात. खाली असते ती स्प्रिंग नसलेली साधी फोमची मॅट.

नवीन वर्ष उजाडलं की वीस नावं ठरतात. उरलेल्यांनी काय करायचं? त्यांनीही सगळा कार्यक्रम पाठ करायचा आणि बाजूला उभं राहून ओरडायचं. कारण मनगट मुरगळणं, बरगडीला मार बसणं, डोक्याला हादरा बसणं हे इथं नेहमीचंच. स्पर्धेला आठवडा असताना एखादी फ्लायर जायबंदी झाली तर बाजूला उभ्या मुलीला रातोरात तिची जागा घ्यावी लागते. म्हणूनच कार्यक्रम न थांबता, न वगळता पूर्ण ताकदीनिशी किती वेळा करून घ्यायचा हे प्रशिक्षक मोजूनमापून ठरवतात. याला ते ‘फुल आउट’ म्हणतात. कमी झाले तर दम येत नाही, जास्त झाले तर माणसं मोडतात.

आणि हे सगळं चालू असताना तासाभराच्या अंतरावर अथेन्स गावात ट्रिनिटी व्हॅली कॉलेजाचा संघही तेवढाच घाम गाळत असतो! हॅम्बर्गर आपल्या गावात जन्मला असं अथेन्सकर अभिमानाने सांगतात, आणि नवारोला धूळ चारल्याचंही. २०२१ साली त्यांनी ती चारलीच.

डेटोनाचा किनारा

एप्रिल आला की संघ हजार मैलांवरच्या फ्लोरिडातल्या डेटोना बीचला निघतो. इथली वाळू इतकी घट्ट, की तिच्यावर मोटारी धावतात. १९३५ च्या मार्चमध्ये माल्कम कॅम्पबेल यांनी याच किनाऱ्यावर ताशी २७६ मैलांचा वेग गाठला होता. समुद्रालगत १९३७ साली बांधलेला एक खुला रंगमंच आहे. शंखशिंपल्यांपासून बनलेल्या कोकिना दगडाचा. महाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम फेरी इथं उघड्यावर होते. व्यायामशाळेत वारा नसतो, डोळ्यांवर ऊन नसतं. इथं दोन्ही असतं. वर फेकलेली मुलगी सूर्याकडे पाहत खाली येते आणि खालच्यांना तिला झेलायचं असतं.

सव्वादोन मिनिटं संपतात. जिंकलेला संघ ट्रॉफी घेऊन, कपड्यांनिशी समुद्रात धावत जातो. ही इथली प्रथा. हरलेले वाळूवर बसून पाहतात.

२०२० साली मात्र कुणीच धावलं नाही. करोनामुळे मार्चमध्ये स्पर्धा रद्द झाली. सगळी तयारी झालेली होती. दोन वर्षांचं कॉलेज, त्यातलं दुसरं वर्ष ज्यांचं होतं, त्यांच्यातल्या कित्येकांना पुन्हा ती मॅट मिळालीच नाही. या मुलांसाठी तेव्हा पुढे मोठी व्यावसायिक लीग नव्हती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली खरी, पण २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या यादीत तो नाही. विशीत असतानाच बहुतेकांचा खेळ याच वाळूवर संपतो. मग एवढा खटाटोप कशासाठी? ज्याच्या हातांवर डोळे मिटून पडता येतं अशी माणसं आयुष्यात किती भेटतात, हे ज्याने थर लावले आहेत त्याला सांगायला नको.

जायचं झाल्यास

स्पर्धा पाहायची तर एप्रिलच्या सुरुवातीचे दिवस साधावेत. तारखा दरवर्षी बदलतात, तेव्हा आधी चौकशी करावी आणि तिकिटं व हॉटेल लवकर ठरवावं, कारण गाव विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी फुलून जातं. टोपी आणि पाण्याची बाटली जवळ हवीच. तिथून ऑर्लँडो मोटारीने तासाभरावर आहे. मुलांना डिस्ने वर्ल्ड दाखवायला आपली मराठी कुटुंबं तिथं जातातच. त्याच परिसरात एप्रिलच्या अखेरीस खाजगी क्लबांच्या संघांची जागतिक स्पर्धा भरते. त्या क्लबांत लहानग्यांनाही घेतात. पालक वर्षाकाठी काही हजार डॉलर भरतात आणि शनिवार-रविवार पोरांना घेऊन गावोगाव फिरतात. त्यांच्याशी गप्पा मारल्या तर दहावीच्या वर्षातल्या आपल्याकडच्या आईबाबांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

आणि डेटोनाहून परतल्यावर कॉर्सिकानात सुट्टी फारशी नसतेच. काही आठवड्यांतच नव्या निवडीसाठी मुलं दाराशी येऊन उभी राहतात.