उपग्रहाच्या फोटोत काय दिसतं आणि काय दिसत नाही

बोईसरच्या पाण्याचा विषय निघाला की हल्ली ग्रुपवर कोणीतरी उपग्रहाचा फोटो टाकतं. खाडीच्या तोंडाशी तपकिरी पट्टा, त्याभोवती लाल गोल, खाली ‘बघा, केमिकल!’ मग दोन दिवस वादावादी. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

असा उपग्रह मोजतो तो जमिनीवरून परत आलेला सूर्यप्रकाश. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. पाणी अवरक्त गिळून टाकतं, म्हणून त्या चित्रात तलाव काळे दिसतात. ओली माती कोरडीपेक्षा गडद. एवढ्यावरून पीक कुठे, पाणी कुठे साचलंय, जमीन कुठे उघडी पडलीय हे कळतं. चांद्रयान-३ बरोबर २०२३ साली ‘शेप’ नावाचं उपकरण गेलं. त्याने चंद्राच्या कक्षेतून पृथ्वीचाच परावर्तित प्रकाश मोजला. दूरच्या ग्रहावर जीवसृष्टी असेल तर तिची खूण प्रकाशात कशी दिसेल, हे शिकण्यासाठी.

आपल्या सातपाटी-मुरब्याला यात काही नवीन नाही. हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था मासे कुठे मिळतील याचा सल्ला देते, तो पाण्याचं तापमान आणि रंगावरून काढलेलं हरितद्रव्य पाहूनच. सूक्ष्म वनस्पती जिथे, तिथे त्या खाणारे जीव, आणि त्यांच्या मागे मासे. ओळखीचे एक तांडेल काका म्हणाले, “पाण्याचा रंग आम्ही आज्या-पणज्यापासून वाचतो. आता वरून वाचतायत तर खाडीत काय सोडलंय तेपण सांगा म्हणावं!”

काकांचा प्रश्न रास्त आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिलं होतं. हा पहिला नंबर मिरवण्यासारखा नाही. मांगेला समाज परिषदेला २०१६ साली हरित लवादाकडे जावं लागलं ते याच पाण्यासाठी.

पण उत्तर अर्धंच मिळतं. ‘सेंटिनेल-२’ ची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी, पण त्यातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर. एमआयडीसीतले बरेच नाले त्याहून अरुंद, म्हणजे नाला आणि काठ एकाच ठिपक्यात मिसळणार. गढूळपणा, शेवाळ, रंग दिसतो. पण रंगहीन आम्ल किंवा पाण्यात विरघळलेले जड धातू दिसत नाहीत. शिवाय आपल्या खाड्यांत भरती-ओहोटी रोज चिखल ढवळते, त्यामुळे तपकिरी पट्टा निव्वळ गाळाचाही असू शकतो. पावसाळ्यात ढग आडवे येतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, रात्री सूर्यप्रकाशच नसतो. अंधारात नाल्यात सोडलेलं पाणी या कॅमेऱ्याला दिसणारच नाही.

हे आत्ताच समजून घ्यायला हवं. आज आपण फोटोला पुरावा म्हणालो, तर उद्या समोरचा स्वच्छ दिसणारा फोटो दाखवून ‘बघा, काहीच नाही’ म्हणेल. मग आपण काय बोलणार?

मग फोटो फेकून द्यायचा का? अजिबात नाही. २०१५ पासूनची चित्रं उपलब्ध आहेत. त्याच महिन्यातली, त्याच भरती-ओहोटीच्या वेळची चित्रं शेजारी ठेवली की तिवरं कुठे कमी झाली, खाजणात भराव कुठे पडला, हे लपवता येत नाही. पाण्याच्या बाबतीत फोटो फक्त जागा दाखवतो. बाटली तिथे भरायची, तारीख-वेळ लिहून, अधिकारी आणि गावकरी दोघांसमोर, सील करून. आम्लता किती, सीओडी किती, हे प्रयोगशाळाच सांगणार.

ग्रामसभेत मागणी एवढीच करूया: दर महिन्याचा तारखेसह उपग्रह फोटो आणि त्याच आठवड्यातल्या पाण्याच्या तपासणीचे आकडे पंचायतीच्या फलकावर शेजारी-शेजारी लावा. आणि काही नमुने रात्रीचेही घ्या.

पटलं तर आपापल्या गावच्या ग्रुपवर टाका. आणि यापुढे फोटो टाकताना तारीख आणि भरतीची वेळ नक्की लिहा.