दूरच्या माणसासाठी पाटी

'वेबसाइट'ला मराठीत 'संकेतस्थळ' हा प्रतिशब्द ज्याने प्रथम योजला, त्याने मोठीच मौज करून ठेवली आहे. आपल्या जुन्या काव्यशास्त्रात संकेतस्थळ म्हणजे प्रेमी जनांनी भेटीसाठी आधी ठरवून ठेवलेली जागा. ठरल्या वेळी नायिका तेथे जाते आणि नायक आलेलाच नसतो, तेव्हा तिला 'विप्रलब्धा' म्हणतात. भरताने वर्णिलेल्या आठ नायिकांपैकी ती एक. एखाद्या खानावळीच्या संकेतस्थळावर विसंबून भर दुपारी मुलाबाळांसह दूरवरून आलेला आणि दाराचे कुलूप पाहत उभा राहिलेला गृहस्थ मला या विप्रलब्धेचाच आधुनिक अवतार वाटतो. फरक इतकाच, की तिला विरह झालेला असतो आणि याला भूक लागलेली असते. आणि भुकेल्या माणसाची क्षमाशीलता प्रणयिनीपेक्षा पुष्कळच कमी असते.

हा विषय माझ्याकडे आला तो मात्र काव्याच्या वाटेने नव्हे, वकिलीच्या वाटेने. म्हापशाच्या बाजाराजवळ माझ्या एका तरुण अशिलाची खानावळ आहे. त्याच्या आईने, सारे जण त्यांना माई म्हणतात, ती दोन बाकांवर सुरू केली. आता मुलगा ती चालवतो. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या कंपन्यांच्या यादीत आपली खानावळ शंभरांतली एक होऊन बसते आणि वर दलालीही द्यावी लागते, याचा त्याला वीट आला होता. आपले स्वतःचे संकेतस्थळ असावे असे त्याने ठरवले, एका रचनाकाराला गाठले, आणि कराराचा मसुदा सही करण्यापूर्वी मला दाखवावा म्हणून तो माझ्या कचेरीत आला. सोबत नमुनाही होता.

नमुना मोबाईलवर उघडला. आधी समुद्राच्या लाटा आल्या, मग संथ संगीत, मग माडांच्या रांगेआड मावळणारा सूर्य, आणि त्यानंतर इंग्रजीतून खानावळीची कहाणी. इतका वेळ अंगठा झिजवल्यावर भावफलक सापडला, तोही एका छापील पत्रकाचे छायाचित्र. अक्षरे मुंगीएवढी, आणि मोठी करावीत तर निम्मी ओळ काचेबाहेर. लाटा सुंदर होत्या यात वाद नाही. पण लाटा पाहायच्या असतील तर माणूस कळंगुटला जाईल. खानावळीत तो जेवायला येतो.

याच खानावळीच्या दारात एक काळी पाटी आहे. सकाळी बाजारातून नुस्त्याची टोपली आली, की माई त्या पाटीवर खडूने चारपाच शब्द लिहितात. येणारा प्रत्येक जण उंबऱ्याशी तोच प्रश्न विचारतो, "आयज कितें आसा?" आणि पाटी त्याला उत्तर देते. मी अशिलाला म्हणालो, "बाब, तुझ्या आईची ही पाटी म्हापशातल्या माणसाला दिसते. ती पेडण्यातल्या, पुण्यातल्या, बेळगावातल्या माणसाला दिसावी, एवढेच काम या संकेतस्थळाला आहे. बाकीचे सारे त्यानंतर."

भुकेला माणूस चारच प्रश्न घेऊन येतो: कोठे आहे, उघडे आहे का, आज काय आहे, आणि किती पडेल. या चारांची उत्तरे पहिल्याच पानावर, बोट फारसे न हलवता मिळाली, तर ते संकेतस्थळ उत्तम. न मिळाली, तर त्यावर कितीही द्रव्य ओतले तरी ते व्यर्थ.

पहिला प्रश्न स्थळाचा. गोव्यातला पत्ता हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच आहे: 'देवळामागे, वडाच्या अलीकडे, तिठ्यावर कोणालाही विचारा.' हे वाचून गावकरी पोहोचतो; परका फिरत राहतो. म्हणून नकाशावरची अचूक खूण हवी, बसस्थानकावरून कसे यावे याचे एक सरळ वाक्य हवे, आणि गाडी कोठे उभी करावी हेही सांगायला हवे. दूरध्वनीचा क्रमांक चित्रात कोरलेला नको. बोट लावताच घंटा वाजावी असा तो असावा. नाहीतर बिचाऱ्याला दहा आकडे पाठ करावे लागतात.

दुसरा प्रश्न वेळेचा. 'अकरा ते तीन' एवढे लिहून भागत नाही. सोमवारी बंद, चवथीचे दिवस बंद, शुक्रवारच्या बाजारामुळे त्या दिवशी दोन वाजताच हुमण संपते. गावातल्या गिऱ्हाइकाला हे सारे अनुभवाने ठाऊक असते. दूरच्या माणसाला अनुभव नसतो, त्याच्याजवळ फक्त आपला शब्द असतो.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण मासळीच्या खानावळीत त्याचे उत्तर रोज बदलते. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस गोव्यात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. प्रजननाच्या काळात मासळीला उसंत मिळावी हा तिचा हेतू. त्या दिवसांत ताजी मासळी मुख्यतः नदीखाडीतून आणि लहान होड्यांतून येते, आणि बाकीची बर्फातून. म्हणजे डिसेंबरात छापलेला भावफलक जुलैत खोटा ठरतो. छायाचित्ररूपी भावफलकाचा पहिला दोष हाच, की तो मालकाला स्वतः बदलता येत नाही. एक शब्द खोडण्यासाठी रचनाकाराची मनधरणी करावी लागते. दुसरा दोष असा, की शोधयंत्राला चित्रातली अक्षरे अक्षरांसारखी हाती लागतीलच असे नाही. आणि तिसरा मला सर्वांत मोठा वाटतो. दृष्टिहीन माणसे मोबाईलवरील मजकूर यंत्राकडून मोठ्याने वाचवून घेतात. चित्रापुढे ते यंत्र बहुधा मुके होते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, आणि अशी संगणकीय साधने सर्वांना वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले. पण येथे कायद्याचा धाक कशाला हवा? डोळ्यांनी अधू माणसालाही बांगडा आवडतो, एवढे कारण पुरे आहे.

भाषेचा प्रश्न याच्याच पोटातला. आमच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी 'नुस्त्याचें जेवण' शोधतो, कोणी 'माशांची थाळी', कोणी इंग्रजी नाव. 'तिसऱ्यो' आणि 'तिसऱ्या' यांत एका मात्रेचे अंतर आहे, पण शोधयंत्रासाठी ते दोन शब्द आहेत. पदार्थाचे नाव कोंकणीत, मराठीत आणि इंग्रजीत अशा तिन्ही रूपांत लिहायला शाईचा खर्च येत नाही. देवनागरीतले '.भारत' हे पत्त्याचे शेपूट २०१४ च्या ऑगस्टपासून मिळू लागले, आणि त्यात मराठी-कोंकणी दोहोंची सोय आहे. असे असता आपल्या खानावळींनी केवळ इंग्रजीतच बोलावे, हे मला घरच्या पाहुण्याशी दुभाष्यामार्फत बोलण्यासारखे वाटते.

चौथा प्रश्न किमतीचा. पुष्कळ मालक किंमत लिहायला कचरतात; उद्या बदलली तर गिऱ्हाईक कोर्टात खेचेल अशी भीती घालणारेही भेटतात. ही भीती अवाजवी आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या दृष्टीने भावफलक हा सामान्यतः प्रस्ताव नसतो, ते प्रस्तावाचे निमंत्रण असते. थाळी मागवतो तो गिऱ्हाईक प्रस्ताव मांडतो आणि ती देणारा तो स्वीकारतो. पण या बारीक भेदाच्या आड लपून कोणी मुद्दाम जुने, कमी भाव तसेच ठेवील, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या त्याची वाट पाहत आहे. बिलात आपोआप सेवाशुल्क चढवू नये अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैत काढल्या, आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. तेव्हा किंमत लिहावी, ती कर धरून की वगळून हेही लिहावे, आणि कोणत्या तारखेपासूनची ते सांगावे. छायाचित्रांचेही तेच. नमुन्यात मनगटाएवढ्या कोळंब्यांचे एक विकतचे चित्र होते. तसली कोळंबी त्या स्वयंपाकघरात कधी शिजलेली नाही. स्टीलच्या ताटातले शीत, हुमण, तळलेला बांगडा आणि सोलकढीची वाटी, खिडकीजवळच्या उजेडात टिपलेली, त्याहून अधिक भूक चाळवते.

इतके झाल्यावर मी मसुद्याकडे वळलो, आणि खरा काटा तेथे निघाला. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी रचनाकाराच्या नावे राहील, असे एका कलमात सहज लिहिले होते. माझ्या परिचयाच्या एका दुसऱ्या उपाहारगृहाची कथा मला ठाऊक होती. तेथे अशीच नोंदणी होती. पुढे मालकाचे आणि रचनाकाराचे बिनसले, वर्षाचे शुल्क कोणी भरले नाही, आणि ज्या नावाने गिऱ्हाइके त्याला शोधत होती ते नाव भलत्याच्याच हाती गेले. दारावरची पाटी रंगाऱ्याच्या मालकीची असावी, असे कोणी ऐकले आहे काय? ते कलम मी खोडले. नोंदणी खानावळीच्या नावे, खानावळीच्या पत्रपेटीवर, आणि सारे परवलीचे शब्द मालकाच्या हाती, असे लिहिले.

दुसरी गोष्ट लेखाधिकाराची. १९५७ च्या लेखाधिकार कायद्यानुसार पगारी नोकर नसलेल्या रचनाकाराने केलेल्या मजकुराचा आणि आज्ञावलीचा पहिला धनी सामान्यतः तोच असतो, पैसे आपण मोजले असले तरीही. हक्क आपल्याकडे यावेत तर ते लेखी आणि सहीनिशी यायला हवेत. आणि मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. 'पैसे दिले म्हणजे माल आपला' हा बाजाराचा न्याय येथे चालत नाही. रचनाकार सज्जन निघाला. दोन्ही दुरुस्त्या त्याने हसतमुखाने मान्य केल्या. अशी कलमे दर वेळी दुष्टाव्याने घातलेली असतात असे नव्हे. एका मसुद्यातून ती दुसऱ्यात उतरत जातात, आणि न वाचणाऱ्याच्या गळ्यात पडतात.

अखेर जे पान तयार झाले त्यात लाटा नाहीत. वर नाव, त्याखाली पत्ता, वेळ, क्रमांक, आणि मग 'आज' अशा मथळ्याची एक जागा, जी घरची सून मोबाईलवरून रोज सकाळी भरते. खाली भाव, अन्नसुरक्षेच्या परवान्याचा क्रमांक आणि तीन छायाचित्रे.

खरी कसोटी जूनमध्ये लागली. बंदी सुरू झाली, आणि 'आज'च्या जागी काय लिहावे यावरून घरात वाद झाला. इसवण नाही असे लिहिले तर पर्यटक शेजारच्या हॉटेलात जातील, हे मुलाचे म्हणणे. आणि व्यवहार म्हणून ते काही चूक नव्हते. पोळपाटावरून नजर न काढता माई म्हणाल्या, "ना जाल्यार ना म्हूण बरय." तसेच लिहिले गेले: समुद्राची ताजी मासळी नाही; खाडीचे शेवटे, तिसऱ्यांचे सुके, सुक्या सुंगटांची किसमूर, आळसांद्याचे तोणाक आणि रविवारी खतखते.

त्या आठवड्यात काही टेबले रिकामी राहिली, हे मुलगा मला अजून सांगतो. रविवारी मात्र डिचोलीहून एका घराचा दूरध्वनी आला, सात माणसांसाठी. मासळीची चौकशी न करता त्यांनी एवढेच विचारले, की खतखते दीडपर्यंत उरेल ना. सुनेने 'उरेल' म्हणून सांगितले, आणि आत जाऊन सात वाट्या आधीच बाजूला काढून ठेवल्या.