देवगडची चढण

बालाघाटच्या मराठी घरात नवा पाहुणा आला की चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वीच एक प्रश्न येतो : "तुम्ही मूळचे कुठले?" आमच्या घरी या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत आमचे पूर्वज कारकुनीच्या निमित्ताने लांजी परगण्यात आले आणि येथेच रुजले. त्याआधी या मुलखात काय होते, असे लहानपणी विचारले तर वडीलधारी मंडळी हात झटकून म्हणत, "काय असायचे? जंगल!"

ते 'जंगल' एकदा डोळ्यांनी पाहावे असे आम्हां उभयतांच्या मनात फार दिवसांपासून होते. छिंदवाडा जिल्ह्यातील देवगड ही गोंड राजांची जुनी राजधानी. परंतु नोकरी, मुलांची शिक्षणे, आजारपणे यांत वर्षे निघून गेली. अखेर निवृत्तीनंतर, गुडघे अजून थोडेफार आपले ऐकतात तोवर जाऊन यावे, असे ठरले. मार्गशीर्षातील एका पहाटे दशम्या, तिळाची चटणी आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आम्ही निघालो. सिवनीमार्गे छिंदवाडा गाठून रात्री तेथे मुक्काम केला व दुसऱ्या दिवशी सकाळी देवगडच्या पायथ्याशी उतरलो.

गड समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. सह्याद्रीतले दुर्ग पाहिलेल्या वाचकांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण साठी उलटलेल्या पायांना आकडे समजत नाहीत. पहिला टप्पा आम्ही गप्पा मारीत चढलो, दुसरा मुकाट्याने, आणि तिसऱ्यात दर वीस पावलांना सागाच्या बुंध्याला टेकू लागलो. एक बाटली केव्हाच संपली होती. "आता परतूया" हे शब्द प्रथम कोणाच्या तोंडून निघाले, यावर आमच्यात अद्याप एकमत झालेले नाही. त्यावरून तेथेच, त्या रानात, चांगले भांडणही झाले. इतक्या वर्षांचा बेत अर्ध्या वाटेवर सोडायचा काय, असे एकाचे म्हणणे. आणि पाय मोडून घरी गेल्यावर करणार कोण, असे दुसऱ्याचे.

तेवढ्यात डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेली एक वृद्ध गोंड बाई अनवाणी पायांनी वरून उतरत आली. आमची अवस्था पाहून तिने भारा खाली ठेवला आणि कमरेला लटकवलेल्या तुंब्यातले पाणी आमच्या ओंजळीत ओतले. मग समोरच्या दगडावर बसून तिने तोच प्रश्न विचारला, जो आम्ही जन्मभर इतरांना विचारीत आलो. "कहाँ के हो, बाई?"

"बालाघाटचे," आम्ही सांगितले, आणि सवयीने पुढे जोडले, "तसे मूळचे नागपूरकडचे."

म्हातारी हसली. "नागपूर?" तिने वर गडाकडे बोट दाखविले. "नागपूर तो यहीं से गया है।"

एवढे बोलून ती भारा उचलून निघूनही गेली. परतण्याची गोष्ट मग कोणीच काढली नाही.

तिचे बोलणे अक्षरशः खरे आहे. देवगडच्या गोंड घराण्यातील जाटबा राजाचा उल्लेख 'आईन-इ-अकबरी'त आहे. त्याच्यापाशी २,००० घोडदळ, ५०,००० पायदळ आणि शंभराहून अधिक हत्ती असल्याची नोंद तेथे मिळते. याच वंशातील बख्तबुलंद शहाने इ. स. १७०२ च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून नागपूर वसविले. त्याचा पुत्र चांदसुलतान याने राजधानी तेथे नेली आणि शहराला तट बांधला. चांदसुलतानानंतर गादीसाठी तंटा उपस्थित झाला, तेव्हा त्याच्या विधवा राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीस बोलाविले. रघूजींनी राणीच्या मुलांचा हक्क राखला. पुढे भावाभावांत पुन्हा बेबनाव झाला आणि १७४३ च्या सुमारास नागपूरचा कारभार रघूजींच्याच हाती आला. गोंड राजा मात्र नावाला गादीवर राहिला. आमचे पूर्वज लांजीला आले ते या साऱ्यानंतर. म्हणजे ज्याला आमची वडीलधारी मंडळी जंगल म्हणत, तेथे नगारे वाजत होते.

ते नगारे जेथे वाजत, तो नगारखाना आम्ही दुपारी पाहिला. कमानीच्या दगडांत झाडांनी मुळे घातली आहेत. बादलमहालाच्या भिंती अर्ध्याच उभ्या आहेत. वर छत म्हणून केवळ आभाळ. मोती टाक्याच्या काठी बसून आम्ही दशम्या सोडल्या. टाक्याचे पाणी एके काळी इतके नितळ होते की तळाचे नाणे वरून दिसे, असे सांगतात. आम्हांला त्यात आमचीच दमलेली, धुळीने माखलेली तोंडे दिसली. सकाळच्या भांडणाची आठवण होऊन दोघांनाही हसू फुटले. चारी बाजूंना दऱ्या, आणि दक्षिणेला, डोंगरांपलीकडे कोठेतरी नागपूर. राजधानी येथून उठून गेली आणि गड रानाच्या स्वाधीन झाला.

उतरताना आधारासाठी एकमेकांचा हात धरावा लागला, तो पायथ्यापर्यंत सुटला नाही. घरी आल्यावर चार दिवस मिठाच्या गरम पाण्याने पाय शेकले.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे पुण्याचे एक गृहस्थ आले होते. चहा झाला आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ठरलेले उत्तर आम्ही दिलेच; भोसले, लांजी, कारकुनी, सारे सांगितले. "आणि त्याआधी येथे काय होते?" त्यांनी सहज विचारले.

आम्ही त्यांना आणखी एक कप चहा ओतला आणि जाटबापासून सुरुवात केली.