सह्यांचा कागद

गिरगावातल्या चाळींत वाढलेल्या आमच्या पिढीला ‘अर्ज’ म्हटलं की नोकरी नव्हे, पाणी आठवतं. पहाटेचं पाणी बारीक झालं, वरच्या मजल्यावर चढेनासं झालं, की दोन दिवस गॅलरीत नुसती कुरकुर चाले. मग कोपऱ्यातल्या खोलीतले अण्णा फुलस्केप काढत. ‘मा. वॉर्ड ऑफिसर यांस’, खाली ‘विषय’, मग ‘वरील विषयास अनुसरून’. कार्बन घालून दोन प्रती.

सह्यांसाठी आम्हा पोरांना पिटाळलं जाई. एकेका सहीला किती वेळ! आधी चष्मा सापडत नसे, मग अर्ज मोठ्यानं वाचून दाखवा, मग ‘गटाराचंही घाला की त्यात’. अबोला असलेल्या शेजाऱ्यानं सही केलीय का, हे बघूनच काहीजण पेन उचलत. कोणाकडे कोण आजारी, कोणाचं जमत आलेलं लग्न फिसकटलं, हे सगळं सह्यांबरोबर घरी येई. दुसऱ्या दिवशी कुणीतरी अर्धी रजा टाकून नाना चौकातलं डी वॉर्डाचं ऑफिस गाठी. परतल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘पोच घेतलीत ना?’ दुसऱ्या प्रतीवरचा शिक्का हीच कमाई. पाणी काय, यायचं तेव्हा येई.

आता महापालिकेचा 1916 फिरवा, नाहीतर फोटो काढून मोबाइलवरूनच तक्रार टाका. क्रमांक लगेच हातात. शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. तरीही चाळीच्या आठवणीनं गळे काढणाऱ्यांतला मी नाही. त्या कागदावर सह्या असत कुणाच्या? घरातल्या पुरुषांच्या. पहाटे उठून हंडे-कळशा भरायच्या आमच्या आयांनी आणि सहीची वेळ आली की म्हणायचं, ‘हे आले की करतील.’

गेल्या पावसाळ्यात आमच्या आईनं इमारतीसमोरच्या तुंबलेल्या गटाराचा फोटो काढून स्वतःच्या नावानं तक्रार टाकली. तक्रारीचा क्रमांक इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर देऊन खाली लिहिलं, ‘तुम्हीही करा. माझ्या एकटीच्या तक्रारीनं कोण येतंय?’ उत्तरादाखल सगळ्यांचे अंगठे आले. आई वैतागली. ‘एवढी शिकलेली माणसं आणि अंगठे कसले उठवतात!’ मग तिनं एकेकाला फोन लावले. खालच्या मजल्यावरच्या नव्या सुनेला ॲप उमजेना, तर तिला वर बोलावून चहा पाजून शिकवलं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर तक्रारींचे बरेच क्रमांक जमले होते आणि त्यांत बायकाच जास्त होत्या.